नवागताला पहिला सल्ला

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम कधी एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग सल्ल्यांचे एक मोठे बिऱ्हाडच येते. आम्ही प्रथम जबलपूरला रुजू झालो तो एप्रिल महिना होता. कार्यालयातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, "इथली लू तुमच्या पुण्याकडच्या उन्हासारखी नव्हे. बाहेर पडताना खिशात एक कांदा ठेवीत चला." आम्ही पदवीधर, शास्त्राचे चार ग्रंथ चाळलेले, तथापि परक्या गावी शहाणपणा पाजळण्याचे धैर्य आमच्या अंगी नव्हते. तो संपूर्ण उन्हाळा आम्ही खिशात कांदा बाळगला. आम्हांला लू लागली नाही. पुढील वर्षी आमच्या विभागात नवा मनुष्य आला, तेव्हा त्याला तोच सल्ला, त्याच गंभीर मुद्रेने, आम्ही दिला.

या गोष्टीचा विचार करण्याचे कारण मात्र अगदी निराळे घडले. आमचा पुतण्या सुटीत आमच्याकडे आला होता. हल्लीच्या मुलांना संगणकावरील जे खेळ प्रिय आहेत, त्यांत तग धरण्याच्या खेळांचा एक वर्ग आहे. खेळाडू एका अनोळखी अरण्यात एकटा उतरतो. भूक, तहान, थंडी आणि श्वापदे यांच्याशी झुंजत त्याला दिवस काढावयाचे असतात. आरंभी पडद्यावर काही सूचना उमटतात, जुने खेळाडूही काही सांगून ठेवतात: अंधार पडण्यापूर्वी लाकडे गोळा करा, आहात तेथेच खोपटे बांधा, दिसेल ते फळ खा. पुतण्याने त्याप्रमाणे केले आणि तिसऱ्या दिवशी तो खेळात मरण पावला. खोपटे पाण्यापासून फार दूर झाले होते! तो हसून म्हणाला, "काका, सुरुवातीला सांगतात ते सगळं खरं नसतं. दोनतीनदा मेल्यावर कळतं." आणि त्याने नवा डाव मांडला.

दोनतीनदा मेल्यावर कळते! हे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले. ज्यांना एकदाच मरता येते, त्यांना हे कसे कळावे? ज्या जबलपुरात आम्ही राहतो, त्या गावाचा आणि आसपासच्या प्रदेशाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहिला, तर नवागतांना दिलेल्या चुकीच्या पहिल्या सल्ल्याची एक विलक्षण हकीकत हाती लागते. ती येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी जिंकले आणि जबलपूर पेशव्यांच्या सत्तेखाली आले. पुढे १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला व नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांकडे दिले. ही सत्ता अल्पजीवी ठरली. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबर रोजी जनरल हार्डिमन याने जबलपूर येथे भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. नर्मदेच्या उत्तर तीरावर इंग्रजांचे निशाण लागले. तोफा थंडावल्या, परंतु जिंकणाऱ्यांपुढे जो खरा प्रश्न उभा राहिला, तो राज्य कसे चालवावे हा नसून जिवंत कसे राहावे हा होता.

ही अतिशयोक्ती नव्हे. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये एक शाही आयोग नेमला गेला व त्याचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८१७ पासूनच्या सुमारे चार दशकांत येथील गोऱ्या शिपायांचा मृत्यूचा वार्षिक दर सरासरीने हजारी ६९ होता, असे त्या अहवालाने दाखविले. शत्रूच्या गोळीने मेलेले त्यांत थोडे. बहुतेक सारे हगवण, ताप, यकृताचे विकार आणि पटकी यांचे बळी. या दराने हजारांची पलटण दहा वर्षे येथे राहिली, तर तिच्यातील निम्म्याहून अधिक माणसे मातीआड होतात. अशा देशात नव्याने उतरणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला जुने लोक काय सांगतात, याला जीवनमरणाचे मोल होते.

या सल्ल्याच्या परंपरेतील एक महत्त्वाचा धडा ज्या ठिकाणी गिरविला गेला, ते ठिकाण आपल्या इतिहासाशीही निगडित आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज स्वतः मोठी फौज घेऊन बुंदेलखंडात सिंध नदीच्या परिसरात उतरला होता. पेंढाऱ्यांचा बीमोड हा प्रकट हेतू. दौलतराव शिंद्यांना जखडून टाकणे हा दुसरा. ५ नोव्हेंबर रोजी शिंद्यांशी तह झाला, आणि त्याच सुमारास छावणीत पटकीने थैमान मांडले. काही दिवसांत हजारो माणसे मेली. त्यांतही लढणाऱ्या शिपायांपेक्षा बाजारबुणग्यांचा भरणा कितीतरी अधिक. वाटेत पडलेल्यांना उचलण्यास डोल्या पुरेनात. आपण मेलो तर आपला देह तंबूतच गुपचूप पुरावा, म्हणजे शिंद्यांना सुगावा लागणार नाही, असे हेस्टिंग्जने सांगून ठेवल्याची कथा प्रसिद्ध आहे.

शेवटी छावणी हलवून फौज बेतवेच्या काठी एरिच येथे नेण्यात आली, आणि साथ ओसरली. झाले! जे वाचले त्यांनी यातून धडा घेतला: रोग हवेत आहे, त्या जागेची हवा सोडली की रोग सुटतो. हा धडा पुढे लष्करी नियमांत शिरला. पलटणीत पटकी दिसताच बराकी सोडून बाहेर तंबू ठोकावे, साथ चालूच राहिल्यास पुन्हा मुक्काम हलवावा, आणि कूच करताना वाऱ्याच्या दिशेला काटकोनात जावे, म्हणजे दूषित हवेचा पट्टा ओलांडला जाईल, असे अधिकाऱ्यांना शिकविले जाई.

आज आपण या सल्ल्याकडे पाहतो तेव्हा त्यातील गफलत स्पष्ट दिसते. छावणी हलविल्याने घाण झालेले पाणी मागे राही आणि नदीचे ताजे पाणी मिळे. म्हणून गुण येई. परंतु श्रेय मिळे ते हवेला. नवा मुक्काम एखाद्या डबक्याच्या काठी पडला, तर वाऱ्याशी कितीही अचूक काटकोन साधला असला तरी मृत्यू पाठ सोडीत नसे. उलट आजारी माणसांबरोबर रोग नव्या गावी जाऊन पोहोचे. सल्ला अर्धा खरा होता, म्हणूनच तो अधिक घातक होता. जो पूर्णपणे खोटा असतो तो लवकर उघडा पडतो. अर्धा खरा असतो तो शंभर वर्षे चालतो.

रोग झालाच तर काय करावे, याविषयीचे मार्गदर्शन याहून भयंकर होते. पटकीच्या रोग्याची शीर तोडून रक्त काढावे, पाऱ्याचे कॅलोमेल नावाचे औषध व अफूचा अर्क द्यावा, ही त्या काळातील सर्वमान्य रीत. रोगी 'पाणी, पाणी' म्हणून तळमळत असता अनेक वैद्य त्याला थंड पाण्याचा थेंब देऊ नये असे बजावीत. पटकीत मनुष्य मरतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. त्याच मनुष्याचे रक्त काढणे आणि त्याचे पाणी तोडणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधणे होय. १८३२ मध्ये टॉमस लाटा या स्कॉटिश वैद्याने रोग्याच्या शिरेत मिठाचे पाणी सोडून आश्चर्यकारक गुण दाखविला. परंतु रूढ पद्धतीपुढे त्याचे फारसे चालले नाही. रोगी मागत होता तेच त्याला देणे योग्य होते, हे सर्वमान्य होण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १९७१ मध्ये बांगला देशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी, शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले असता, मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातलगांकरवीच पाजविले. जेथे शंभरांतील तीस मरत होते तेथे हे प्रमाण तीनचारांवर आले. सिंधेकाठच्या छावणीपासून बनगावच्या छावणीपर्यंत दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता. मीठ, गोड आणि पाणी ही तिन्ही त्या पहिल्या छावणीतही होती.

नवा सल्ला जुन्यापेक्षा चांगलाच असतो, अशीही पुष्कळांची समजूत असते. तापाच्या बाबतीत हिंदुस्थानात उलटच घडले. सिंकोना झाडाची साल हिवतापावर गुणकारी आहे, हे अठराव्या शतकातील अनुभवी वैद्यांना ठाऊक होते. परंतु जेम्स जॉन्सन या आरमारी वैद्याने १८१३ मध्ये उष्ण प्रदेशांच्या हवामानाचा युरोपियांवर होणारा परिणाम या विषयावर ग्रंथ लिहिला आणि सालीवर विश्वास न ठेवता रक्तस्राव व कॅलोमेल यांचा पुरस्कार केला. ग्रंथ अत्यंत लोकप्रिय झाला, त्याच्या आवृत्त्या निघाल्या. येथे येणारा तरुण वैद्य तो बरोबर घेऊन जहाजावर चढे. १८२० मध्ये फ्रान्समध्ये त्या सालीतून क्विनीन वेगळे काढण्यात आले. तरीही हिंदुस्थानातील वैद्यांचा ओढा बराच काळ कॅलोमेलकडेच राहिला. हाती असलेले शस्त्र टाकून देण्यास ज्याने शिकविले, तो ग्रंथ नवागतांचा मार्गदर्शक म्हणून गाजला, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

आता उन्हाकडे वळू; कारण जबलपुरात राहून उन्हाची गोष्ट टाळता येत नाही. १८५८ च्या फेब्रुवारीत जनरल व्हिटलॉकची मद्रासी फौज याच जबलपुरातून उत्तरेकडे निघाली. तिकडे सर ह्यू रोझ महूकडून सागरमार्गे झाशीवर चालून गेला. झाशी पडल्यावर ७ मे रोजी कोंच येथे तात्या टोपे यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. त्या दिवशी गोरे शिपाई गोळ्यांपेक्षा उन्हाने अधिक कोसळले. खुद्द रोझ अनेक वेळा घोड्यावरून खाली आला आणि डोक्यावर पाणी ओतून घेऊन पुन्हा चढला. सूर्य चांगला वर आल्यावाचून गोऱ्यांवर हल्ला करू नये, ऊन हेच आपले शस्त्र आहे, असे धोरण तात्यांच्या बाजूने आखले होते, असे इंग्रजी वृत्तांत सांगतात.

याच काळात वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत अडकले होते, हे मराठी वाचकाला सांगणे नलगे. तेही नवागतच. बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेच्या यज्ञाची वार्ता ऐकून द्रव्यार्जनासाठी ते उत्तरेस निघाले. महूच्या सुमारास भेटलेल्या शिपायांनी त्यांना पुढील बंडाळीची कल्पना देऊन मागे फिरण्यास सांगितले होते. ते पुढेच गेले. खोटा सल्ला मानणारे जसे संकटात पडतात, तसे खरा सल्ला न मानणारेही पडतात. दोहोंतील भेद त्या क्षणी ओळखावा कसा, हाच तर खरा पेच आहे. गोडसे भटजी सुदैवाने वाचले आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. १९०७ मध्ये त्यांचा 'माझा प्रवास' प्रसिद्ध झाला. जे परतले नाहीत त्यांचे प्रवास कोणी लिहिले नाहीत.

१८५७-५८ च्या अनुभवानंतर उन्हाची भीती इंग्रजांच्या मनात कायमची बसली. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या भेंडापासून केलेली टोपी हे त्या भीतीचे प्रतीक बनले. सूर्याचे काही गूढ किरण कवटीतून व कण्यातून शिरून गोऱ्या माणसाच्या मेंदूचा नाश करतात, असा सिद्धान्त निघाला. म्हणून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत टोपी डोक्यावरून काढावयाची नाही, मुलांनीही नाही. पाठीच्या कण्यावर कापसाची गादी बांधावयाची. आणि पोटाला गार वारा लागून पटकी होऊ नये म्हणून कमरेभोवती फलानीनचा पट्टा गुंडाळावयाचा. या पट्ट्याला 'कॉलरा बेल्ट' असेच नाव होते. किपलिंगने १८९० मध्ये नव्या शिपायाला उपदेश करणारी एक कविता लिहिली. तीतही शिरस्त्राणाची ताकीद आहे. सल्ल्याने गीताचे रूप घेतले की तो शास्त्रापेक्षाही बळकट होतो.

टोपी अगदीच निरुपयोगी होती असे आमचे म्हणणे नाही. सावली ती सावलीच. परंतु उष्माघात हा काही कवटीत शिरणाऱ्या किरणांचा खेळ नव्हे. शरीराला घामावाटे आतील उष्णता बाहेर टाकता आली नाही म्हणजे तो होतो. आणि म्हणून पाणी, मीठ, सैल वस्त्र, दुपारची विश्रांती व नव्या हवेची सवय होण्यास दिलेला आठदहा दिवसांचा अवधी, हे त्यावरील उपाय होत. येथील नवा शिपाई मात्र टोपी घालून, पाठीला गादी लावून, पोटाला लोकरी पट्टा आवळून कवायतीस जाई, आणि सर्व काळजी घेतली या समाधानात उकडून निघे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या रणावर शिपाई ती टोपी टाकून साध्या कापडी वा फेल्टच्या टोप्या घालून, कित्येकदा बोडक्यानेही, उन्हात लढले. त्यांचे मेंदू वितळले नाहीत. तेव्हा कोठे त्या टोपीचे राज्य संपले. तोवर कित्येक हिंदी साहेबांनीही ती मोठ्या अभिमानाने डोक्यावर चढविली होती.

हिवतापाचीही कथा तशीच. दलदलीतून रात्री विषारी वाफ निघते, म्हणून रात्रीच्या हवेस घरात येऊ देऊ नये, हा सल्ला. वाईट हवा या अर्थाच्या इटालियन शब्दांवरूनच मलेरिया हे नाव पडले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या लष्करी वैद्याला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले, आणि शतकानुशतके रात्रीच्या हवेवर ठेवलेला आळ दूर झाला. दारे-खिडक्या मिटणाऱ्याला क्वचित लाभ झाला असेल. परंतु अंगणातील रांजणात आणि बागेतील हौदात डासांची पिलावळ वाढत असता तो उकाड्यात घुसमटत पडे, आणि सायंकाळी निर्धास्तपणे व्हरांड्यात बसे. खरा शत्रू कोण, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

येथे जबलपूरच्या इतिहासातील एक दुसरे प्रकरण आठवते. याच गावी कर्नल स्लीमन याने ठगांच्या बंदोबस्ताचे मुख्य ठाणे ठेवले होते. १८३५ मध्ये त्याची त्या कामावर मुख्य अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्याने रंगविलेल्या चित्रात अतिरंजन किती, यावर अलीकडच्या इतिहासकारांत वाद आहे. तथापि वाटसरूंना गाठून, "पुढला रस्ता धोक्याचा आहे, आमच्या सोबतीने चला," असा सल्ला देणारे आणि विश्वास बसल्यावर रुमालाने गळा आवळणारे लोक होते, याविषयी शंका नाही. तो सल्ला दुष्ट हेतूने दिलेला होता. पकडलेल्या ठगांना माफीचे साक्षीदार करून स्लीमनने काही वर्षांत त्यांच्या टोळ्या मोडल्या. परंतु सद्हेतूने दिलेल्या चुकीच्या सल्ल्याचा बंदोबस्त करणारे खाते कोणत्याही सरकारने आजवर काढलेले नाही. त्याचे साक्षीदार फुटत नाहीत. कारण आपण गुन्ह्यात सामील आहोत हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नसते.

मग असा सल्ला इतका दीर्घकाळ टिकतो कसा? आमच्या मते त्याची कारणे तीन. पहिले असे की, सल्ला देणारा हा नेहमी वाचलेला मनुष्य असतो. पट्टा बांधून जो मेला तो सांगण्यास उरत नाही. पट्टा बांधून जो वाचला तो सर्वांना पट्टा दाखवितो. दुसरे असे की, सल्ला फसला तरी दोष सल्ल्याकडे जात नाही. शिपाई उन्हाने कोसळला, तर त्याने क्षणभर टोपी काढली असावी. पटकी झाली, तर पट्टा सैल झाला असावा. मेलेला मनुष्य आपली बाजू मांडू शकत नाही.

तिसरे कारण आम्हां दप्तरातील लोकांना अधिक जवळचे आहे. एकदा कागदावर उतरलेली गोष्ट कागदावरून कागदावर जात राहते. पूर्वीच्या टिपणीत जे आहे ते नव्या टिपणीत उतरवून घेणे निर्धोक असते. त्यात फेरफार करणाऱ्याला मात्र कारणे द्यावी लागतात. जॉन स्नो याने १८४९ मध्येच पटकी पाण्यातून पसरते असे प्रतिपादिले होते आणि १८५४ मध्ये लंडनच्या एका पंपाच्या उदाहरणाने ते दाखवून दिले होते. असे असता हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त जेम्स कनिंगहॅम हे १८८४ पर्यंत आपल्या पदावर राहून, पटकी स्थानिक हवा व जागा यांवर अवलंबून असते, पाण्याचा सिद्धान्त सिद्ध झालेला नाही, असेच म्हणत राहिले. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात पटकीचे जंतू रोग्यांत व एका तळ्याच्या पाण्यात दाखविले. तरी सरकारी मत लगेच पालटले नाही. पटकी माणसांबरोबर प्रवास करते हे मान्य केले असते, तर सुएझमार्गे जाणाऱ्या जहाजांवर निर्बंध आले असते, आणि व्यापाराची हानी झाली असती. सल्ला चुकीचा होता. पण सोयीचा होता.

हे सर्व वाचून परक्यांच्या अज्ञानाला हसण्याचा मोह होतो. येथील शेतकरी दुपारी झाडाखाली आडवा होई, डोक्याला मुंडासे बांधी, कैरीचे पन्हे पिई. त्याला विचारले असते तरी उन्हाचे पुष्कळसे शास्त्र साहेबांना कळले असते. हे खरे आहे. परंतु आपली घरेही निर्दोष नाहीत. हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडावे, असे आपल्याकडील किती आज्यांनी सांगितले, आणि त्यापायी किती पाळणे रिकामे झाले, याची नोंद कोणत्याही आयोगाने घेतलेली नाही. त्या आज्या दुष्ट नव्हत्या. त्यांच्या मायेला उपमा नाही. परंतु माया ही ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही, हा निष्ठुर धडा इतिहास पुनःपुन्हा शिकवितो.

मृत्यूचा तो हजारी ६९ चा आकडा पुढे झपाट्याने उतरला. तो टोपीने उतरला नाही की पट्ट्याने नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. परंतु छावण्या-छावण्यांतून मागविलेल्या उत्तरांचे आकडे जुळवून त्यांनी बजावून सांगितले की, पाणी शुद्ध करा, सांडपाणी वाहते करा, बराकींत दाटी करू नका. ज्यांनी देश पाहिला होता त्यांच्यापेक्षा जिने आकडे पाहिले होते तिला अधिक दिसले. जबलपूर शहराला १८८० च्या दशकात खंदारी तलावाचे पाणी नळाने मिळू लागले. त्या दिवशी येथे किती अदृश्य मृत्यू टळले असतील! नर्मदेच्या घाटांची आणि भेडाघाटच्या संगमरवराची वर्णने पुष्कळांनी लिहिली. खंदारीच्या नळावर कोणी काव्य केले नाही.

आमच्या पुतण्याच्या खेळात खोटा सल्ला एका संध्याकाळीत उघडा पडतो. कारण तेथे मेलेला खेळाडू परत येतो आणि काय चुकले ते सांगतो. इतिहासात मेलेला परत येत नाही. त्याच्या वतीने बोलणारे एकच साधन आहे, ते म्हणजे नोंद. कोण मेला, कधी, कोठे, काय करीत असता, कोणते पाणी पीत असता, हे ज्या कारकुनाने प्रामाणिकपणे रकान्यात भरले, त्यानेच शेवटी डॉक्टरांचे आणि सेनापतींचे डोळे उघडले. आमच्या व्यवसायाविषयी चार बरे शब्द आम्हांला क्वचितच ऐकावयास मिळतात. म्हणून हा एवढा अभिमान वाचकांनी आम्हांला क्षम्य मानावा.

परमुलखात नोकरी करणारे आपण सर्व कधी ना कधी नवागत असतो आणि पुढे कधी तरी जुने होतो. नवा मनुष्य आपल्याकडे ज्या विश्वासाने पाहतो, तो विश्वास ही एक जोखीमच आहे. त्याला सल्ला अवश्य द्यावा. पण तो आपल्याला कोणी सांगितला, आपण तो कधी पडताळून पाहिला काय, आणि तो पाळूनही ज्यांचे अहित झाले असे कोणी आहेत काय, हे स्वतःला विचारून द्यावा. आणि जेथे आपल्याला केवळ सवय आहे, ज्ञान नाही, तेथे तसे स्पष्ट म्हणावे.

गेल्या एप्रिलात आमच्या कार्यालयात विदर्भातून एक तरुण रुजू झाला. दुपारी तो बाहेर निघाला, तेव्हा सवयीने आमच्या तोंडी कांद्याचे नाव आले होते. ते आम्ही गिळले, आणि त्याच्या हातात मीठ-साखर घातलेल्या लिंबाच्या पाण्याची बाटली दिली. सायंकाळी तो परत आला तेव्हा त्याने बाटली रिकामी करून परत दिली आणि हसत खिशातून एक कांदा बाहेर काढला. फाटकापाशी कोणीतरी तो त्याला दिला होता.